कापणाऱ्यानं मोजू नये

लातूरला कामाला लागलो तेव्हा मला शिक्षण कुणी विचारलं नाही, आधी कुठं काम केलं तेही विचारलं नाही. मामांनी पॉलिश केलेला पोलादाचा एक तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "धर मुठीत." मी धरला. थोड्या वेळानं त्यांनी तो फडक्यात घेतला, फळीवर ठेवला आणि म्हणाले, "सकाळच्याला ये." दुसऱ्या दिवशी तुकडा होता तसाच चकचकीत. मामांनी तो दाराकडं तिरपा धरून बघितला आणि मान हलवली. "घाम सोज्वळ हाय तुझा. लाग कामाला." झाली मुलाखत.

काही माणसांच्या घामानं लोखंड गंजतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बोट लावलं की दुसऱ्या दिवशी तिथं तांबूस ठसा उमटलेला. आमच्या शेठचा हात तसला होता. शेठचा अंगठा उमटलेला एक तुकडा मामांनी खास जपून फळीवर ठेवला होता, आणि शेठ गेजच्या, म्हणजे मोजायच्या यंत्राच्या, डब्याकडं सरकले की मामा नुसतं त्या तुकड्याकडं बघायचे. शेठ मुकाट मागं फिरायचे. दुकान शेठचं, गेज शेठच्या पैशाचं, पण हात लावायची सोय नाही. लेथवर काम करणारा कारागीरही त्याच गंजक्या घामाचा. म्हणून सगळ्या दुकानात त्या डब्याला हात लावायला लायक माणसं दोनच, मामा आणि मी. ही गोष्ट पुढं फार महागात पडली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मामा माझे मामा नव्हते. कुणाचेच नव्हते. पण दुकानात येणारा ट्रॅक्टरवाला, जीपवाला, इंजिनवाला, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. नायगावकडच्या एका खेड्यातली बौद्ध वस्ती हे त्यांचं घर. वडील निजामाच्या काळात नांदेडच्या कचेरीत चपराशी होते, त्यामुळं घरात भाकरीबरोबर कोर्टाची भाषाही वाढलेली. हैदराबादेत एका मोठ्या कारखान्यात मामा मोजमाप शिकले आणि लातूरला येऊन नांदेड रस्त्यावरच्या आमच्या दुकानात टिकले.

दुकानात काम एकच. इंजिनाच्या सिलिंडरचं भोक, त्याला सगळे बोअर म्हणतात, पिस्टन खालीवर पळून पळून झिजतं. गोल असतं ते लांबट होतं, वर रुंद आणि खाली अरुंद होतं. ते कापून पुन्हा नीट गोल करायचं आणि त्यात जरा मोठा पिस्टन बसवायचा. हे सगळं चालतं थाऊमध्ये. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बोअर एखाद्या थाऊनं तंग राहिलं तर इंजिन तापून जाम होतं, ढिलं झालं तर तेल पितं आणि धूर ओकतं. कापायची मशीन मी चालवायचो. मोजायचे मामा.

सुरुवातीला मला याचा राग यायचा. मी कापायचं, घाम मी गाळायचा आणि शेवटी मामांनी येऊन त्यात गेज घालून "हं" म्हणायचं. एकदा मी म्हटलं, "मामा, मलाही मोजता येतं की. मीच कापतो, मीच मोजतो. तेवढाच वेळ वाचंल."

"कापणाऱ्यानं मोजू नये," मामा म्हणाले.

"कामून?"

"माप म्हंजे गवाही हाय लेका. आपल्याच खटल्यात आपली गवाही चालती का? कापणाऱ्या हाताला बरोबर निघावं वाटतंय. मग सुई जरा इकडं असली तरी डोळा म्हणतो, तिकडंच हाय. डोळा लबाड न्हाई, पण घरचा हाय."

आता असं वाटेल की हा माणूस सगळ्याच बाबतीत काटेकोर असणार. छे. बोअर सोडलं तर मामांच्या आयुष्यात कशालाच माप नव्हतं. सदरा एवढा ढगळ की त्यात दुसरा माणूस मावला असता. घड्याळ कधी चालू बघितलं नाही. चहात साखर किती विचारलं तर "घाल की" म्हणायचे. रस्ता विचारणाऱ्याला "हे काय, इथंच हाय" म्हणून पाठवायचे आणि तो बिचारा कोसभर चालून शिव्या देत परत यायचा. मामी भेटली तेव्हा मला म्हणाली, "लग्नाच्या टायमाला ह्यांनी मला त्यांचं वय सांगितलं ते अजून त्येवढंच हाय." कामावर यायची वेळही अशीच अंदाजाची. शेठ बोलले की मामा म्हणायचे, "आलो ना? मग."

पण गेज हातात घेतलं की हा माणूस वेगळा. आमचं बोअर गेज म्हणजे एक लांब दांडी, वर घड्याळासारखी तबकडी, खाली दोन टोकं. आधी ते पक्क्या मापाच्या पोलादी कड्यात घालून सुई शून्यावर आणायची. मग सिलिंडरमध्ये जरा तिरपं सोडायचं आणि पाळणा हलवावा तसं हळू झुलवायचं. सुई एका बाजूला सरकत जाते आणि एका जागी पोचली की माघारी फिरते. जिथून फिरते तिथं माप. वर, मधी, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी उभं नि आडवं. मामा हे करताना दुकानात कुणी बोलायचं नाही, हा नियम. बोललं तर बिघडत काहीच नव्हतं, पण नियम होता.

दुसरा नियम माठाचा. तो दुष्काळाचा काळ होता. लातूर नुकताच जिल्हा झालेला, पाट्या नव्या, कचेऱ्या नव्या, आणि नळ कोरडे. दुकानात दिवसाला एक माठ पाणी यायचं, तेही शेठच्या घरून. पत्र्याचं आमचं दुकान म्हणजे भट्टीच, त्यात माठाचा कोपरा तेवढा थंड. मामांनी गेज, कडं आणि मोजायचं सिलिंडर तिघांनाही त्या कोपऱ्यात ठेवायचं ठरवलं. पोलाद तापलं की फुगतं, गार झालं की आकसतं. तापलेल्या बोअरमध्ये गार गेज घालून घेतलेलं माप म्हणजे मामांच्या भाषेत "दारू पिऊन दिलेली गवाही". तिघांनी एका जागी बराच वेळ बसायचं, एकमेकांसारखं व्हायचं, मग मोजणी. त्यामुळं पाणी प्यायला जाणाऱ्याला सिलिंडरांना वळसा घालून, फुलपात्रातून एक थेंब न सांडता, मामांच्या नजरेखाली पाणी प्यावं लागायचं. लेथवाला तर म्हणायचा, तहान परवडली.

नव्या जिल्ह्याचा एक जीपवाला ड्रायव्हर एकदा फार तडतडला. साहेबांना दौऱ्यावर जायचंय, इंजिन आत्ताच पाहिजे, सिलिंडर कापून झालंय ना, मग बसवा. मामांनी त्याला चहा पाजला. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, आता लातूर जिल्हा झालाय. जुन्यासारखं चालणार नाही."

"जिल्हा नवा झाला," मामा म्हणाले, "इंच जुनाच हाय."

जीप दुसऱ्या दिवशी गेली. साहेब दौऱ्यावर एसटीनं गेले म्हणे.

नवं गेज घ्यायचं ठरलं तेव्हाची गोष्ट मला फार आवडते. दुष्काळ आमच्या धंद्याला सुकाळ होता, हे म्हणायला वाईट वाटतं पण खरं आहे. ज्या विहिरीला घोटभर पाणी होतं तिथलं इंजिन रात्रंदिवस चालायचं, वरून सगळी धूळ. इंजिनं पटापट झिजायची आणि आमच्या दारात रांग लागायची. शेठनं पुण्याकडच्या एका विक्रेत्याला बोलावलं. त्यानं तीन डबे उघडले. एक गेज तर मखमलीत ठेवलेलं, लहान बोअरपासून मोठ्या बोअरपर्यंत सगळं त्या एकात मोजता येतं म्हणाला. शेठचे डोळे त्याच्यावरच.

मामा म्हणाले, "सगळ्यांच्या लग्नात नाचणारा घरच्या लग्नाला कामाचा न्हाई. आमची बोअरं कुठून कुठवर असतात ते मला ठाऊक हाय. त्येवढ्यापुरतं दाखवा."

मी देवणीचा. आमच्याकडं बाजारात बैल घेताना दात बघतात, खूर बघतात, चालवून बघतात. मामांनी त्या गेजांचं तसंच केलं. विक्रेत्याला कडं मोजायला लावलं. मोजलं. काढा म्हणाले. पुन्हा घाला म्हणाले. पुन्हा काढा. तो माणूस घामाघूम झाला. मखमलीतलं गेज दर वेळी थोडं थोडं वेगळं सांगायचं. तिसरं एक होतं, रंग उडालेलं, डब्याची कडी तुटलेली. ते दर वेळी अर्धा थाऊ जास्त सांगायचं, पण दर वेळी तेवढंच.

"हे द्या," मामा म्हणाले.

शेठ वैतागले. "मामा, ते तर चूक सांगतंय."

"रोज त्येवढंच खोटं बोलतंय ना? मग त्येचं खोटं मला ठाऊक झालं, तेवढं वजा करीन. ते मखमलीवालं कवा खरं बोलतंय, कवा खोटं, हे त्येलाच ठाऊक न्हाई."

तेच गेज घेतलं. पुढं ते नीट करून मिळालं, पण मामा मनातल्या मनात अर्धा थाऊ वजा करायचे ते करायचेच, आणि मला ओरडून त्यांना थांबवावं लागायचं. म्हणजे हा माणूस चुकायचाही. चूक दाखवली की मात्र खूश व्हायचा. "बघ," म्हणायचा, "म्हणून दोघं लागतात."

आता ती गोष्ट.

त्या उन्हाळ्यात माझी मावशी वारली म्हणून मी देवणीला गेलो होतो. मी गेलो आणि इकडं मामांचा धाकटा भाऊ गावाकडून आला. एसटीच्या टपावर इंजिनाचं सिलिंडर बांधून, नांदेड ओलांडून, एवढ्या लांब लातूरला. नांदेडात रीबोअर करणारी दुकानं नव्हती असं नाही. पण दादा असताना परक्याच्या दारात कशाला जायचं, असा त्याचा विचार.

त्या इंजिनाची कथा मला भावानंच नंतर सांगितली. गावच्या सगळ्या विहिरी आटल्या होत्या. वस्तीच्या विहिरीला तेवढं पाणी. मोठ्या आढ्याच्या घरांतले, वरच्या जातीचे लोक आयुष्यात कधी त्या विहिरीकडं फिरकले नव्हते. आधी एक म्हातारी आली, घागर घेऊन लांब उभी राहिली. मग तिची सून आली. मग आठवड्याभरात सगळं गाव वस्तीच्या पायपाखाली घागरी लावून उभं राहायला लागलं. वस्तीनं काही बोलून दाखवलं नाही. भाऊ इंजिन चालवायचा आणि बघायचा. आणि अशात इंजिन धूर ओकून बंद पडलं.

"दादा, पहिल्यांदा गाव आपल्या विहिरीवर आलंय," तो मामांना म्हणाला. "उद्याच्याला इंजिन चालू पाहिजे."

मशीन चालवणारा मी गावाला. मामांना कापता येत होतं, चांगलं येत होतं. त्यांनी स्वतः मशीनवर सिलिंडर बांधलं आणि संध्याकाळपर्यंत कापून दिलं. भाऊ खूश. रात्री ते गार झालं. सकाळी भाऊ म्हणाला, "मोज, बांधतो, निघतो."

मामांनी सिलिंडरवर फडकं टाकलं, गेज शेजारी ठेवलं आणि म्हणाले, "कापलं मी हाय. मोजायला दुसरा पाहिजे. तो येईल दुपारी."

भावाला आधी वाटलं चेष्टा करतोय. मग त्यानं विनवणी केली. मग शेठ मध्ये पडले, म्हणाले मी मोजतो, काय गंज चढेल तो चढू दे. मामांनी फळीवरच्या तुकड्याकडं बघितलंसुद्धा नाही, नुसतं म्हणाले, "तुमाला वाचता येत न्हाई शेठ." हे खरं होतं. सुई कुठून माघारी फिरते ते शेठना कधीच कळलं नव्हतं. लेथवाला हात बांधून उभा राहिला.

भाऊ म्हणाला, "तुझ्या हातावर तुझा भरवसा न्हाई का?"

"हातावर हाय. डोळ्यावर न्हाई. माझं गाव हाय ते, माझी माय तिथं पाणी भरती. मला ते बरोबर निघायलाच पाहिजे. मग मी कसा बघू?"

हे मला लेथवाल्यानं सांगितलं, आणि त्याला खोटं रचायची अक्कल नाही.

मी उतरलो तेव्हा दुपार होऊन गेली होती. एसटी वाटेत बंद पडून तासन् तास उभी होती. दुकानात शिरलो तर मामा एका कोपऱ्यात, भाऊ माठाजवळच्या स्टुलावर, तोंडं दोन दिशांना. मला काही कळेना. मामा उठले आणि म्हणाले, "हात धू." त्या दुष्काळात त्यांनी मला तांब्याभर पाणी दिलं. मग म्हणाले, "बस. ऊन उतरू दे हातातलं."

"आता हे पण?" भाऊ म्हणाला.

मी बसलो. खरं सांगतो, मला त्या क्षणी मामांचा संताप आला होता. भावाचा चेहरा बघवत नव्हता. पण मी उठून मोजायला लागलो असतो तर मामांनी गेज हातातून काढून घेतलं असतं, हेही ठाऊक होतं. बसलो. मग उठलो, कड्यात सुई शून्यावर आणली आणि मोजलं. वर, मधी, खाली. उभं, आडवं. मामा पाठ करून उभे होते, तबकडीकडं बघू नये म्हणून.

सगळीकडं बरोबर. एवढं सरळ बोअर मी स्वतः कधी कापलं नव्हतं.

"बरोबर हाय मामा," मी म्हटलं.

मामा वळून हसले. अगदी मनापासून हसले. भाऊ मात्र हसला नाही. तो सिलिंडर गोणपाटात गुंडाळत म्हणाला, "बरोबरच होतं. सकाळी पण बरोबरच होतं. मी सकाळच्या गाडीनं गेलो असतो. नांदेडला दिलं असतं तर कालच झालं असतं."

"सकाळी ठाऊक नव्हतं," मामा म्हणाले.

भाऊ सिलिंडर खांद्यावर घेऊन रस्त्याला लागला. मामा मागून चार पावलं गेले, हाक मारावी की नाही अशा बेतानं, आणि थांबले. मग आत येऊन ते गेज पुसत बसले. ते आधीच पुसलेलं होतं.

गावात काय झालं ते असं. इंजिन बंद पडलं त्या दिवशी लोक थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळभर थांबले. दुपारी कुणीतरी टँकर आणवला आणि सगळे तिकडं गेले. जाताना एकजण म्हणाला, "ह्यांच्या इंजिनाचं असंच असायचं." हे वाक्य भावाच्या काळजात बसलं. टँकर पुढं बंद झाला, लोक पुन्हा वस्तीच्या विहिरीवर आले, इंजिन तो सगळा दुष्काळ न कुरकुरता चाललं. पण भाऊ मामांशी बोलला नाही. लग्नाकार्यात समोर आला तर लांबून हात जोडून "जय भीम" म्हणायचा आणि पंगतीत दुसऱ्या टोकाला बसायचा. मामांना ते लागत होतं. कधी तरी काम करताना मला म्हणायचे, "माझं चुकलं का रे?" मी म्हणायचो, "चुकलं." मग ते म्हणायचे, "पण मोजायला नको होतं ना मी?" मी म्हणायचो, "नको होतं." दोन्ही खरंच होतं, आणि अजूनही मला त्यातलं एक खोडता येत नाही.

मामा गेले. मातीला मी गेलो होतो. भाऊ तिथंही गर्दीत मागं उभा राहिला. शेठनं दुकान विकलं आणि ते गेज मामांच्या नावानं मला दिलं. मी माझं छोटं दुकान टाकलं. गेज अजून आहे, माठाच्या कोपऱ्यातच ठेवतो. आमच्या घरात मशीन मी चालवतो आणि मोजते माझी सून. तिचं शिक्षण त्यातलंच आहे, आणि लग्न ठरायच्या आधी मी तिच्या हातात पोलादाचा तुकडा दिला होता की नाही, हे विचारू नका. बायको अजून त्यावरून मला बोलते.

अलीकडं पुन्हा एका दुष्काळात दुकानासमोर टेम्पो थांबला. एक म्हातारा उतरला. मामांचा भाऊ. वस्तीत विजेचा पंप आला होता, पण वीजच नसायची, म्हणून त्यानं जुनं इंजिन बाहेर काढलेलं. तेच सिलिंडर. मी आत बोट फिरवून बघितलं. मामांनी कापलेलं बोअर इतक्या वर्षांनी आता कुठं झिजलं होतं. मी ते मशीनवर चढवलं आणि संध्याकाळपर्यंत कापलं.

मग माझीच पंचाईत झाली. सून माहेरी हदगावला गेलेली, येणार दुसऱ्या दिवशी दुपारी. दुकानात दुसरं कुणी नाही. मी मोजलं असतं तर त्याला कळलंही नसतं. मी सिलिंडरवर फडकं टाकलं आणि त्याच्याकडं बघितलं.

म्हातारा त्या फडक्याकडं बघत उभा राहिला. मग त्यानं कोपऱ्यातलं स्टूल ओढून माठाजवळ घेतलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बसला.

"सूनबाईला घाई करू नका म्हणावं," तो म्हणाला. "मी बसतो."